गोलाबाहेरचा राजेंद्र

विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा विषय मी दुकानात निघू देत नाही.

बालाघाटला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, आणि गेली काही वर्षं पोरापोरींची फेसबुकची पानं सजवून देणं. वर रुंद कव्हर, त्यावर गोल प्रोफाइल. दोन्ही फोटो असे कापायचे की पान उघडल्यावर एकच सलग चित्र दिसावं. गोलात चेहरा, गोलाबाहेर त्याच माणसाचे खांदे, हात, मागचा देखावा.

संध्याला तेच हवं होतं. हिवाळ्यातली दुपार होती. ती आईला, लीलाबाईंना, घेऊन आली होती.

"भावाच्या पानावर लावाचं आहे, गजेंद्रभाऊ," ती म्हणाली.

तिचा भाऊ राजेंद्र. तिरोडीकडं एका जुन्या, पाण्यानं भरलेल्या खदानीत बुडून गेला, त्याला दीड-दोन वर्षं झाली असतील. त्याच दुपारी मित्रानं काढलेला फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता. खदानीच्या काठावर उभा, हसतोय. त्याचं खातं आता तीच चालवायची; पानावर तिनं त्यातला फक्त चेहरा लावला होता.

लीलाबाई स्टुलावर बसूनच बोलल्या, "रोज पाहतो बाप्पा मी. नुसतं मुंडकं दिसते. माह्या पोराले हात-पाय नव्हते काय? पुरा उभा दिसू दे त्याले."

फोटो उभा होता, कव्हर आडवं लागतं. दोन्ही बाजूंना जागा भरावी लागणार होती. मी म्हटलं, पाणी-दगड मी कॉम्प्युटरवर बनवतो. संध्या ऐकेना. "तिथलंच पाणी पाहिजे," म्हणाली. चार दिवसांनी ती स्वतः तिरोडीला जाऊन काठाचा फोटो काढून आली.

"एकटी गेलती?"

"हौ. भीती नाही वाटली, भाऊ. उलट... निघूच वाटत नव्हतं तिथून."

मी जुन्या फोटोतला राजेंद्र नव्या फोटोशेजारी ठेवला आणि माझा हात थांबला. दोन फोटोंमध्ये इतका काळ गेलेला. पण जुन्या फोटोच्या कडेला पाण्याची जी लहर कापली गेली होती, ती नव्या फोटोत बरोबर तिथूनच पुढं चालू होत होती. एकेक लहर. पाण्यावर पडलेलं वाळकं पानसुद्धा अर्धं इकडं, अर्धं तिकडं. मला काही जोडावंच लागलं नाही.

पान तयार केलं.

आता यातली गोम अशी की फोनवर तो गोल एका जागी येतो, कॉम्प्युटरवर दुसऱ्या. एकीकडं जुळवलं की दुसरीकडं मान तुटते. हे पान कुठंही उघडा, मान जुळलेलीच. लीलाबाईंनी फोन छातीशी धरला आणि कितीतरी वेळ रडल्या.

आठवडाभरानं संध्या एकटीच आली. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"भाऊ, जोड तुटला."

मी पाहिलं. गोलातला चेहरा जागेवर होता. कव्हरमधलं धड मात्र डावीकडं सरकलं होतं. माझ्याकडची फाइल उघडली, तर तिच्यातही सरकलेलं. मी परत जुळवलं. दोन दिवसांनी ती पुन्हा दारात. या वेळी धड आणखी डावीकडं, आणि घोटे पाण्यात. मोकळ्या झालेल्या बाजूचा, डावा हात शरीरापासून जरासा लांब धरलेला, पंजा अर्धा उघडा. मूळ फोटोत दोन्ही हात खिशात होते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुकानात ओल्या मातीचा वास यायला लागला. बाहेर रस्त्यावर धूळ उडत होती.

"जागा करून राह्यला तो," संध्या हळू आवाजात म्हणाली. "बाजूले."

"कोणासाठी?"

"आई रात्रंदिवस तेच पाहते, भाऊ. म्हणते... पोरगा बलावून राह्यला."

मी तिला तिथंच बसवलं. तिच्या हातानं राजेंद्रचं खातं कायमचं बंद करायला लावलं, माझ्याकडच्या सगळ्या फाइली पुसल्या, तिच्या फोनमधलेही दोन्ही फोटो काढले. शेवटचा तिनं स्वतःच काढला. मग मोठा श्वास सोडून म्हणाली, "बरं झालं."

दुसऱ्याच सकाळी तिचा फोन आला. "आई घरात नाही..."

मी मोटरसायकल काढली, तिला मागं बसवलं. कुठं जायचं हे दोघांनीही विचारलं नाही. वाटेत ती एकसारखी एवढंच म्हणत होती, "जोरानं चालवा, भाऊ."

खदानीजवळ चिटपाखरू नव्हतं. वारा नव्हता, तरी पाणी हलत होतं. लीलाबाई काठाच्या बऱ्याच अलीकडं, वर, एका दगडावर बसल्या होत्या. जिवंत. मला रडूच कोसळलं. साडी कोरडी, पाय कोरडे, चपलांवर लाल धूळ. पाण्याकडं उतरल्याची एक खूण नव्हती.

"आई, चाल घरी."

"हळू बोल वं," लीलाबाई म्हणाल्या. त्यांचा डावा हात मांडीवर होता. उजवा बाजूला धरलेला, मूठ घट्ट मिटलेली. संध्यानं बळेच एकेक बोट उघडलं, तेव्हा त्या कळवळून ओरडल्या, "सोडू नोको... सोडू नोको त्याले!"

मूठ रिकामी होती.

आम्ही त्यांना घरी आणलं. आता त्या बऱ्या आहेत. जेवतात, शेजारणींशी बोलतात, राजेंद्रचं नाव काढत नाहीत. परवाच मी जाऊन आलो. चहा देताना त्यांनी उजव्या हातानं कप पुढं केला. पंजा पांढराफटक, बोटांची कातडी चुरमडलेली, नदीत दिवसभर कपडे धुतल्यावर होते तशी. डावा हात मात्र थंडीनं फुटलेला, खरखरीत.

"उजवा हात त्या दिवसापासून असाच आहे," संध्या मला दाराशी सोडायला आली तेव्हा म्हणाली. "डॉक्टरले काही समजत नाही. रोज सकाळी मी पुसून देतो, भाऊ. त्या हाताखालची उशी ओली असते."