टेपचं दुसरं टोक

बावीस वर्षं मी घरं मोजतोय. टेप खोटं बोलत नाही, टोक धरणारा बोलतो, एवढं मी शिकलोय.

हे घर सरळसोट होतं. पुढे बैठक, मध्ये पडदा लावलेली आईची खोली, मागे स्वयंपाकघर. आई गेली, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. कोर्टाच्या खेपा घालून दमल्यावर भावाबहिणींनी ठरवलं, घराचा मध्य काढायचा. पुढचा भाग भावाचा, मागचा ताईचा. आईच्या खोलीचा मोठा तुकडा ज्याच्याकडे पडेल, त्याची अख्खी खोली. भावाला तिथं भाडेकरू ठेवायचा होता. ताई अकरा वर्षं तिथं आईच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपली होती. खरं सांगायचं तर मला तिचाच कळवळा होता, पण माझ्या कळवळ्यानं भिंती सरकत नाहीत.

ताईनं मागच्या भिंतीशी टोक धरलं. चार बोटांनी खोली भावाची निघाली.

टोक तिथंच ठेवून ती पुढे आली. "पुन्हा मोजा."

"ताई, आता कशाला उगाच?" भाऊ म्हणाला.

"दोनदा मोजल्याशिवाय मीच सही करत नाही," मी म्हणालो.

बाहेर लख्ख ऊन होतं. ताई पुन्हा मागे टोकाशी गेली असेल असं धरून, पुढच्या भिंतीला टेकून मी ओरडलो, "ताणा!"

टेप ताठ झाली. लांबी दीड फूट कमी भरली. म्हणजे पलीकडचं माणूस भिंत सोडून पुढे सरकलं होतं. खोली आता ताईची होत होती. बाई, लबाडी करावी, पण इतकी ढळढळीत?

"ताई, भिंतीला टेकवा!"

"मी इथंय," ताई माझ्या मागून म्हणाली.

ती दारात उभी होती. शेजारी भाऊ. घरात चौथं माणूस नव्हतं.

टेप ताठच होती, जरा थरथरत होती.

भावानं ती ओढून पाहिली. पलीकडून तेवढीच ओढ आली. त्यानं हात काढून घेतला.

"खोली ताईची," तो म्हणाला. "लिहा. लिहा ना तुम्ही!"

मी चुकीचा आकडा लिहिला, आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं सही केली.

"आई," ताई हळूच म्हणाली, "सोड आता."

सुटलेली टेप सपकन येते. ही तशी आली नाही. ढिली पडून सावकाश डबीत शिरू लागली, पावलापावलानं.

मधला पडदा बाजूला झाला.

भाऊ वाट सोडून भिंतीला चिकटला.

टोक जमिनीवर नव्हतं. कमरेइतक्या उंचीवर येऊन ते माझ्यासमोर थांबलं. मोठ्या माणसाच्या हातून घ्यावं तसं मी ते दोन्ही हातांनी घेतलं.