टोळच्या यादीत नसलेली पेटी

टेकडीवरच्या दगडी बाकाखाली हात घालून एक मुलगी काहीतरी चाचपत होती. तिचे अब्बा बाजूला उभे होते. तिच्या मनगटावरचं घड्याळ पुन्हा पुन्हा सांगत होतं, "पोचलात. जागा हीच." आणि त्या जागी तर काहीच नव्हतं.

"पेटी शोधताय का?" शलाकाने विचारलं. तिला मदत करायला आवडायचं, आणि त्याबद्दल शाबासकी मिळाली तर त्याहून जास्त आवडायचं. तिच्या मागे टोळ उभा होता. टोळ म्हणजे तिचा चार पायांचा, कचरा वाहणारा रोबो. त्याच्या पाठीवरच्या गोणीचं तोंड एका जाड दोरीने बांधलेलं होतं.

"हो," मुलगी म्हणाली. तिला दिसत नव्हतं, पण मान बरोबर आवाजाकडे वळली. "मी तहसीन. वाईहून आलोय आम्ही. हिरवी पेटी आहे आणि आत दोरी. त्या दोरीवर माझ्या भाईची गाठ आहे. चंद्रावरच्या तळावर कामाला जायच्या आधी बांधून गेला. म्हणाला, शोधून दाखव."

शलाकाच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण सांगायचं तर आधी हा छंद सांगायला हवा. त्याला जिओकॅशिंग म्हणतात (उपग्रहांच्या मदतीने लपवलेल्या पेट्या शोधण्याचा खेळ). कुणीतरी पेटी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश (पृथ्वीवरच्या जागेचा पत्ता सांगणारे दोन आकडे) संकेतस्थळावर नोंदवतो. शोधणारा येतो, आतल्या वहीत सही करतो आणि पेटी होती तिथेच ठेवतो. शलाका 'महाशोध' नावाच्या सर्वांत मोठ्या संकेतस्थळाची बालस्वयंसेवक होती. तिथे नवी टूम निघाली होती, बेवारस पेट्या हुडकायच्या, टेकड्या साफ करायच्या आणि गुण मिळवायचे. गेल्या आठवड्यात तिला या बाकाखाली हिरवी पेटी दिसली. "नोंद आहे का रे?" तिने टोळला विचारलं. "नाही," टोळ म्हणाला. पेटी प्लॅस्टिकच्या ढिगात गेली आणि तिथे तिचा चुरा झाला. दोरी मात्र धडधाकट होती, म्हणून शलाकाने ती गोणी बांधायला घेतली. टोकाकडच्या गाठी मध्ये येत होत्या, त्या तिने दातांनी ओढून सोडवल्या.

आता तीच दोरी तिच्या मागे, टोळच्या पाठीवर होती. गुपचूप निघून जावं, असं तिला वाटलं. हिला कुठे दिसतंय, असंही मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"पेटी मी नेली," ती म्हणाली. "कचरा समजून."

तेवढ्यात तिचे आजोबा धापा टाकत वर आले. आबांचा जन्म उपग्रहांमधली घड्याळं बनवण्यात गेला होता. तहसीनने त्यांना पेटीची आणि गाठीची हकिगत सांगितली. शलाकाला घाईघाईने आणखी कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं. "आबा, चूक टोळची आहे. वर इतके उपग्रह फिरतात, मग त्यांना पेटी दिसली कशी नाही?"

"उपग्रहांना पेटीबिटी काही दिसत नसते गं," आबा बाकावर टेकत म्हणाले. "ते फक्त वेळ सांगत राहतात. संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून आपलं घड्याळ प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतं. चार उपग्रहांची अंतरं जुळली की आपण कुठे आहोत ते कळतं. तिथे पेटी आहे हे मात्र माणसंच सांगतात, यादीत लिहून."

"यादीत नव्हती ना पण. मी विचारलं, तर टोळ 'नाही' म्हणाला."

"कुणाच्या यादीत? महाशोधला पेनाने केलेली सही लागते. ज्यांना दिसत नाही त्यांना ती जमेना, म्हणून त्यांनी आपलं 'स्पर्श' नावाचं संकेतस्थळ काढलं. तिथे सहीऐवजी गाठ बांधतात. अशी लहान लहान संकेतस्थळं आता पुष्कळ आहेत. याला विकेंद्रित नोंदणी म्हणतात (सगळी नोंद एकाच्याच हाती नसणं). गंमत अशी की कुठलीच यादी पुरी नसते. यादीत नाही म्हणजे जगातच नाही, असं नसतं बाळा. टोळ, त्या दिवशीचं पुरं उत्तर काय होतं?"

"माझ्या यादीत नोंद नाही. इतर याद्या मी पाहिलेल्या नाहीत," टोळ म्हणाला.

"मग नुसतं नाही का म्हणालास?"

"थोडक्यात उत्तर देण्याची आज्ञा होती."

आज्ञा कुणाची, ते टोळने सांगितलं नाही. शलाकाला माहीत होतं. लांबण लावतो म्हणून तिनेच त्याला दटावलं होतं.

तिने गोणीची दोरी सोडली आणि तहसीनच्या हातात दिली. तहसीनची बोटं गाठीगाठींवरून हळूहळू पुढे सरकली आणि टोकाकडे थांबली. "इथे दोरीला वळ आहेत," ती म्हणाली. "इथेही गाठी होत्या. भाईची इथेच कुठेतरी असणार."

"मीच सोडल्या त्या," शलाका म्हणाली.

तहसीनने घड्याळावरून चंद्रतळाला हाक लावली आणि मनगट शलाकापुढे धरलं. "तूच सांग त्याला."

शलाकाने सगळं सांगितलं, दातांनी गाठी सोडवल्या तेसुद्धा. चंद्रापर्यंत आवाज जायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि उत्तर यायलाही तेवढाच. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या शांततेत मात्र शलाकाला मान वर करवेना.

"ऐकलं," तहसीनच्या जुबेरभाईचा आवाज आला. "वाईट वाटलं. आता गाठ बांधायला मला परत यावं लागेल. तहसीन, माझी जागा मोकळी ठेव."

तहसीनने तेवढी जागा सोडून आपली गाठ बांधली. मग दोरी शलाकापुढे धरली.

"माझी नको," शलाका म्हणाली. "ज्यांच्या मी सोडल्या, त्यांच्या आधी होऊ देत."

आबांच्या खाऊच्या रिकाम्या डब्यात दोरी ठेवून शलाकाने डबा बाकाखाली सरकवला. मग तिने तिथेच बसून दोन्ही संकेतस्थळांवर लिहिलं, 'या पेटीतल्या काही गाठी माझ्या हातून सुटल्या.' ते वाचून तिने 'माझ्या हातून सुटल्या' खोडलं, 'मी सोडल्या' असं लिहिलं आणि पुढे जोडलं, 'ज्यांच्या असतील त्यांनी कृपा करून पुन्हा यावं.' खाली तिने आपलं पूर्ण नाव घातलं.

संध्याकाळी 'स्पर्श'वर पहिलं उत्तर आलं: 'येते रविवारी. बाकाजवळ थांब.'