टेमकर सरांचा एक्क्याण्णव गुणांचा तास

पूर्वी सहकाऱ्याच्या तासाला निरीक्षक म्हणून बसणं हा निव्वळ सोपस्कार होता. मागच्या बाकावर टेकायचं, मान डोलवायची, 'विषयाची मांडणी उत्तम' असं लिहून सही ठोकायची आणि दोघांनी मिळून चहाला जायचं. विद्यापीठाने अवधानपट्टी आणली आणि ही सोय गेली. निरीक्षकाच्या मनगटावरची ही पट्टी त्याची नाडी आणि घाम टिपायची, त्यावरून त्याचं मन तासात किती गुंतलं ते मोजायची आणि शंभरपैकी आकडा परस्पर विद्यापीठाच्या मूल्यमापन समितीकडे धाडायची.

डॉ. निलांबरी गव्हाणे आज टेमकर सरांच्या तासाला बसली होती. भूशास्त्र तिला सरांनीच शिकवलेलं, नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकलेला. याआधी दोनदा सरांचा आकडा तिशीच्या आत आला होता. आज तिसऱ्यांदा आला की सर घरी.

आणि सर शिकवत होते अगदी रटाळ. फळ्याकडे तोंड करून जुन्या वहीतलं वाचत होते. लक्ष दे गं बाई, निलांबरी स्वतःला बजावत होती. जितकं बजावावं तितकं मन सुटत होतं. तिच्या छातीत धडधडायला लागलं, तळवे घामेजले. पट्टी काढली तर आकडा शून्य धरत, त्यामुळे तीही सोय नव्हती.

तास संपला. आकडा आला, एक्क्याण्णव.

ती चक्रावलीच. मग तिला उमगलं. पट्टीला भीती आणि गोडी यांतला फरकच कळत नव्हता.

दुपारी समितीच्या अध्यक्षा काणेकर बाईंचा फोन आला. "टेमकरांचा तास आदर्श म्हणून सगळ्या महाविद्यालयांत दाखवायचं ठरलंय. आता सगळ्यांनी असंच शिकवायचं."

"मॅडम, त्या आकड्याबद्दल जरा बोलायचं होतं."

"चुकलाय का? मग त्यांचं प्रकरण पुन्हा उघडावं लागेल."

"नाही," निलांबरी म्हणाली. "काही नाही."

ती बाहेर पडली तर जिन्यात सरांच्या वर्गातली संजीवनी उभी होती. रडून डोळे लाल झाले होते पोरीचे.

"मॅडम, एवढा चांगला तास होता म्हणे. मला तर एक अक्षर कळलं नाही. मी भूशास्त्र सोडतेय. माझ्यातच काहीतरी कमी आहे ना?"

निलांबरीच्या मनात आलं, खरं सांगावं तर सर घरी बसतात. गप्प राहावं तर ही पोर जन्मभर स्वतःला मठ्ठ समजते. कुणाला वाचवायचं?