साहेबांच्या राजपुत्राचं लग्न

"मला नको लावू!"

लॅबमधल्या त्या माणसाने पिनेसकट माझा हात धरला... आणि चटका बसल्यासारखा सोडलाही.

"साहेबांची ऑर्डर आहे," मी म्हटलं. "बुधवारी विलायतेत राजपुत्राचं लग्न आहे. कंपनी तिकडची, म्हणून सगळ्या स्टाफने रिबीन लावायची."

"सॉरी हं, एकदम तोंडातून निघालं. पण मला आमंत्रण नाही आलं!"

"मला तरी कुठे आलंय?"

तो हसला. शिवराम, राहणार बदलापूर गाव. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात तो केमिस्ट, मी टायपिस्ट. एक्क्याऐंशीचा जुलै होता.

मग मी रोज लॅबमध्ये जायला लागले. रिबीन लावायच्या यादीत त्याचं एकट्याचंच नाव राहिलं होतं ना... निदान स्वतःला तरी मी हेच सांगायचे. तो रोज नाही म्हणायचा आणि रोज स्टूल पुढे सरकवायचा.

"तुम्ही ही रिबीन मनापासून लावलीय?" एकदा त्याने विचारलं.

मला असा राग आला! कारण त्याचा संशय खरा होता. माझे वडील, अण्णा, तिथेच हेडक्लार्क. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच, या लग्नानिमित्त, त्यांना कुटुंबासह साहेबांच्या क्लबात बोलावणं आलं होतं. त्यांनी आठ दिवस आधीच कोटाला इस्त्री करून ठेवली होती. आणि रविवारी डोंबिवलीहून लोक मला बघायला येणार होते. मुलगा बँकेत, शिवाय आमच्यातलाच. शिवराम बौद्ध. घरी त्याचं नाव काढायचीही सोय नव्हती.

बुधवारी क्लबात सरबताचे ग्लास उंचावून सगळे उभे राहिले. अण्णांचे डोळे भरून आले होते! परक्या राणीच्या सुनेसाठी एवढा गहिवर... आणि मुलीच्या मनात कोण आहे, ते विचारायला मात्र फुरसत नाही. ग्लास तसाच ठेवला, रिबीन ओढून काढली आणि भिजत लॅब गाठली.

"आज पण पिन घेऊन?"

"रविवारी मला बघायला येतायत."

त्याने हातातली टेस्ट ट्यूब खाली ठेवली. "मग... हो म्हणणार?"

"नाही. मला तुम्ही आवडता."

क्लबातल्या टाळ्या इथवर ऐकू येत होत्या.

"उमा, अण्णा तुम्हाला घरात ठेवणार नाहीत."

"माहितेय मला. तुमच्या आईला मी चालेन का, तेवढं सांगा."

"तिलाच विचारा ना. रविवारी घेऊन येतो."

"कुठे?"

"तुमच्या घरी. बघायला... डोंबिवलीवाले यायच्या आत."