बाबांच्या वाफ्यातली गाजरं

मुलांनो, डोळे मिटा आणि जमिनीचा एक तुकडा मनात आणा. फार मोठा नाही, दहाबारा खाटा मावतील एवढाच. भोवती तारेचं कुंपण. आत गुडघाभर रान माजलेलं आणि त्याच्या मधोमध एकच वाफा – स्वच्छ, रेघ मारल्यासारखा, रोज पाणी मिळालेला. आता त्या वाफ्याशी उकिडवी बसलेली आठ वर्षांची एक मुलगी आणा. तिला सगळे बटण म्हणत. आणि तिच्या मागे, हातात खुरपं कसं धरायचं याचा विचार करत उभी असलेली तिची आत्या.

आत्या शिवणकाम करायची. कापड तिचं ऐकायचं, माती ऐकत नव्हती. जमीन तिच्या भावाला, म्हणजे बटणच्या बाबांना, मिळालेली होती. गावाबाहेरच्या माळाचे असे तुकडे पाडून एका संस्थेने लोकांना भाजी लावायला दिले होते. भावाला वर्षभर वेळ मिळाला नाही. शेवटी एका रविवारी त्याने एक वाफा खणला, गाजरं पेरली, आणि त्याच आठवड्यात कामावर चक्कर येऊन पडला तो उठलाच नाही. बटणला आई आठवतही नव्हती. ती आत्याकडे आली, एक दप्तर आणि एक पिशवी घेऊन.

त्याला सहा आठवडे झाले होते. फाटकावर आता संस्थेची चिठ्ठी लटकत होती. येत्या रविवारी सकाळी पाहणी. रान निघालं नसेल तर तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाला.

"अहो, त्याला पाणी कशाला घालताय?"

कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारच्या तुकड्यातला माणूस डोक्यावर चष्मा चढवून उभा होता. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचा.

"का? तुमच्याकडे गाजरं पाण्याशिवाय वाढतात वाटतं?" आत्या म्हणाली.

"गाजरं असती तर..." तो बोलता बोलता थांबला. त्याची नजर बटणच्या मनगटांवर गेली होती. खाजवून खाजवून ती लालभडक झाली होती. आत्या इतके दिवस साबणाला दोष देत होती.

त्याने आत्याला बाजूला बोलावलं, खिशातून भिंग काढलं आणि तुटलेलं एक पान त्याखाली धरलं.

"ही लव दिसते? गाजराचं पान चुरडलं की गाजराचा वास येतो. हे चुरडा... नको, आधी हातमोजा घाला. हे गाजरगवत आहे. थोड्या दिवसांत पांढरी फुलं धरेल, मग एकेका झाडाच्या हजारो बिया. कातडीला लागलं तर खाज, छातीत गेलं तर दम."

"आणि भावाची गाजरं?"

"उगवलीच नसतील... किंवा याच्याखाली गुदमरली असतील."

आत्याने मागे पाहिलं. बटण पानांशी काहीतरी कुजबुजत होती.

"तिला सांगू नका," आत्या हळूच म्हणाली. "एवढ्यात तरी नको."

त्या रात्री आत्याने बटणला कोपरापर्यंतच्या कापडी बाह्या शिवून दिल्या आणि पानांना हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. कारण मात्र सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद झालं की चष्मेवाला कुंपण ओलांडून यायचा. सगळीकडे हराळीचं चिवट गवत पसरलं होतं.

"ओढू नका! तुटते ती. जेवढे तुकडे मातीत राहतील तेवढे कोंब. बोटाने माग काढत जा, टोकापर्यंत."

"गिऱ्हाइकांवरही असंच ओरडता?"

"गिऱ्हाइकं ऐकतात."

"मग त्यांनाच आणा की खुरपायला."

तो हसला. आत्याही हसली, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. भावाला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. तिने मान खाली घातली. तिचा सैल हातमोजा मनगटावरून घसरला होता. त्याने तो वर ओढला आणि दोरीने बांधून दिला. गाठ मारायला जरा जास्तच वेळ लागला... आत्यानेही हात काढून घेतला नाही.

शनिवारी संध्याकाळी, भुरभुर पावसात, रान संपलं. उरला फक्त तो वाफा. आत्याचं तोंड काही उघडेना.

"बटण," चष्मेवालाच म्हणाला, "कडेचं एक उपटून बघ बरं. आलं असेल."

आत्या चमकली. बटणने उपटलं. वीतभर लांब, केशरी, जाडजूड गाजर! बटण ते उलटसुलट करून बघत राहिली. ती हसली नाही.

"काका, हे बाजारातलं आहे."

"छे गं..."

"याच्या पाल्याला रबरबँड आहे. आणि हे धुतलेलं आहे."

मग आत्या त्याच्याकडे वळली. "मी गप्प राहा म्हटलं होतं. खोटं बोला नव्हतं म्हटलं!"

"गप्प राहणं काही वेगळं होतं का?" तो म्हणाला. "मला तिचा चेहरा बघवत नव्हता. आणि... तुमचाही. उद्या हा तुकडा गेला तर तुम्ही इथे कशाला याल? मी दिवसभर लोकांच्या नजरा तपासतो हो. संध्याकाळी माझी नजर कुठे लागलेली असते, ते तुम्हाला दिसलं नाही?"

पावसाने त्याचा चष्मा धुरकटला होता. आत्याने तो त्याच्या नाकावरून उतरवला, बाहीच्या कोरड्या टोकाने पुसला आणि परत चढवला.

"दिसलं," ती म्हणाली. "यायचं असेल तर रोज या. पण खरं बोलत या. मीही बोलेन."

आणि ती चिखलात, बटणच्या शेजारी बसली.

"बटण, ही बाबांची गाजरं नाहीत. हे तण आहे. तुझे हात त्यानेच सोलले. मला काही दिवसांपासून माहीत होतं, सांगायचा धीर झाला नाही."

"बाबांचं एकही उगवलं नाही?"

"एकही नाही."

"मग आता बाबांचं इथे काय आहे?"

चष्मेवाला गुडघ्यावर बसला. आता खोटं चालणार नव्हतं.

"खणलेली माती," तो म्हणाला. "बाकी जमीन दगडासारखी होती. आमचे हात मोडले. हा एवढाच वाफा मऊ आहे. तुझ्या बाबांनी खोलवर खणलाय."

बटणने खात्री करायला मातीत बोट घातलं. ते पूर्ण आत गेलं. मग तिने आत्याचे हातमोजे मागितले, आपल्या बाह्यांवर चढवले, सगळ्यात मोठं झाड बुडाशी दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. लांबलचक पांढरं मूळ न तुटता बाहेर आलं. बटणने ते पोत्यात टाकलं, नाक बाहीला पुसलं आणि पुढच्या झाडाकडे सरकली.