धक्क्यावरची झडती

“चोर आहे हा! धरा याला!”

केमिस्टचा आवाज अख्ख्या धक्क्याने ऐकला. जहाजाकडे परतणारी प्रवाशांची रांग थबकली. होडी बांधत असलेला नावाडी दोर हातात धरून तसाच उभा राहिला.

पंचवीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं म्हणून घरचे त्याला केमिस्टच म्हणत. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांत आपली कधी गल्लत झाली नाही, हे तो जेवताना एकदा तरी ऐकवायचाच. या समुद्रसफरीला त्याने आई आणि मावशी दोघींना आणलं होतं. मावशी खाजगी गुप्तहेर. आज बेटं बघायला न जाता तिने जहाजावर मस्त ताणून दिली होती; आरडाओरडा ऐकून ती चपला सरकवत खाली आली.

“झालं काय?”

“आईची अंगठी गेली. बाबांनी दिलेली!”

आईचे डोळे भरले होते. “बोटात सैल होते गं. म्हणून पाण्यात उतरण्याआधी टॉवेलच्या टोकाला गाठ मारून ठेवली. आता पिशवीतून टॉवेल काढला, तर गाठच नाही.”

“येताना पिशवी याच्याच पायाशी होती,” केमिस्ट नावाड्याकडे बोट दाखवत म्हणाला. “आणि काहीतरी घाईघाईने डब्यात लपवताना मी याला पाहिलंय.”

धक्क्यावरच्या रखवालदाराने नावाड्याचा डबा फळ्यांवर उपडा केला. कंगवा, दोऱ्याचं रीळ, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. फडकं दाबून पाहून त्याने मान हलवली. अंगठी नव्हती.

“साहेब, हे तर तुमचं—” नावाडी केमिस्टला सांगू लागला.

“गप्प बस!” केमिस्ट ओरडला. “आधी खिसे उलटे कर.”

नावाड्याने खिसे उलटे केले. सगळ्या रांगेसमोर सदराही काढला. त्याच्या कमरेला लावलेला बिल्ला धक्क्याच्या अधिकाऱ्याने काढून घेतला आणि तक्रारीचा कागद पुढे केला. “सही झाली की याचा परवाना गेला. जहाजाचे प्रवासी पुन्हा याच्या होडीत बसायचे नाहीत.”

“दुसरं काही येत नाही हो मला,” नावाडी हळूच म्हणाला.

केमिस्टने खिसे चाचपले. चष्मा सापडेना. त्याने अंदाजानेच ओळी भरल्या.

“सहीची घाई नको,” मावशी म्हणाली. “जहाज सुटायला अर्धा तास आहे. दिवस कसा गेला, ते सांग.”

केमिस्टने चिडतच सांगितलं. सकाळी दोन बेटांच्या मधून गेले. उंच कडे, खाली हिरवंगार पाणी. दुपारी पांढऱ्या वाळूवर थांबले. आई गळ्यापर्यंत पाण्यात.

“आणि तू?”

“मी पाण्यात पाऊलसुद्धा टाकलं नाही. होडीत बसून जहाजाचं माहितीपत्रक वाचत होतो. बारीक अक्षरांत बेटांचा सगळा इतिहास आहे.”

वाळूवर शिंपल्यांच्या माळा विकणारी बाई परतीच्या होडीतून धक्क्यावर आली होती. मावशीने तिला गाठलं.

“मला कशाला गोवताय?” ती फणकारली. “आजींनी माळ घेतली खरी. अंग पुसून टॉवेल पिळत होत्या. म्हटलं, गाठीत काय? तर नुसत्या हसल्या.”

मावशीने पिशवीतला निळा टॉवेल उलगडला, चारही टोकं चिमटीत धरून पाहिली. मग शेजारच्या तंबूत गेली. तिथे जहाजावर काम करणारी मुलगी परतलेल्यांना सरबत देत होती आणि वापरलेले टॉवेल टोपलीत घेत होती. मावशी तिच्याशी दोन शब्द बोलून परत आली.

“बघा, टॉवेल कोरडा ठणठणीत. टोकांना एक सुरकुती नाही. गाठ मारून पिळलेलं टोक दिवसभर चुरगळलेलं राहतं. म्हणजे याला गाठ कधी नव्हतीच. मग हा पाण्यात न उतरलेल्या माणसाचा टॉवेल. केमिस्ट, आल्याबरोबर तू टोपलीत काय टाकलंस?”

“माझा टॉवेल. आई म्हणाली, तिचा राहू दे.”

“हाताला ओला लागला नाही?”

केमिस्टच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ओला लागला होता. पण सरबताचा ग्लास समोर होता.

तंबूतली मुलगी टोपली घेऊन आली. मावशीने हात घालून तळाचा तसाच निळा, पण ओला टॉवेल ओढला. टोकाला घट्ट गाठ. आईने ती दातांनी सोडवली आणि अंगठी तिच्या तळहातावर पडली.

“काखेत कळसा नि गावाला वळसा,” मावशी म्हणाली. पण तिला हसू आलं नाही.

“मग हा डब्यात काय लपवत होता?” केमिस्टने विचारलं. आपण हे का विचारतोय, हे त्यालाच कळेना.

“होडीत बारीक अक्षरं वाचलीस, आणि इथे कागद अंदाजाने भरलास. मग चष्मा कुठे राहिला असेल?”

नावाड्याने फडकं उलगडलं. “होडीच्या फळीवर विसरला होतात. पाणी उडत होतं, साहेब. काचा खराब झाल्या असत्या. मघाशी हेच सांगत होतो.”

केमिस्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. त्याने चष्मा लावला. तक्रारीच्या कागदावर त्याच्याच तिरक्या अक्षरात ‘चोर’ हा शब्द होता, तोही दोनदा. तो कागद फाडायला गेला.

“फाडू नकोस,” आई म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. “मागे कोरी जागा आहे. खरं काय घडलं ते लिही.”

त्याने लिहिलं. अधिकाऱ्याने वाचलं आणि बिल्ला नावाड्याच्या हातात ठेवला. केमिस्टने हात जोडले. “माफ करा मला. तुम्हाला मी…”

नावाडी सदऱ्याची बटणं लावत होता. मग त्याने बिल्ला पुन्हा कमरेला लावला.

“याला एकट्याला सांगून काय उपयोग?” आई म्हणाली. “मघाशी ओरडून चोर म्हणालास. आता हेही तेवढ्याच आवाजात वाच.”

केमिस्ट रांगेकडे तोंड करून वाचू लागला. तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज खाली आला.

“ऐकू येत नाही,” रांगेच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं.

त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.