लगबगचं 'अप' आणि बाईंचं 'टाका'

शाल्मलीचा परकर छताच्या नळीला लटकत होता आणि कागदी तोरणं शाळेच्या घुमटाबाहेर, चंद्राच्या धुळीत लोळत होती. पृथ्वीवरचे पाहुणे तासाभरात यायचे होते. हे घडलं तरी कसं?

"सांगितलं तेच केलं!" लगबग नावाचा रोबो फणकारला. "तू म्हणालीस, 'ड्रेस मी अप'. अप म्हणजे वर. ड्रेस वर फेकला! इथलं गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली खेचणारं बळ) पृथ्वीच्या एकषष्ठांश, त्यात माझा काय दोष? मोघेबाई म्हणाल्या, 'डेक आउट द हॉल'. आउट म्हणजे बाहेर. नेली तोरणं बाहेर!"

"अरे दगडोबा, म्हणजे सभागृह सजव! आणि मला नटव!"

"मग तसं मराठीत सांगायचं! कालपर्यंत सांगत होतात ना?"

तेही खरंच. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून मुख्याध्यापिका मोघेबाईंनी आज सकाळीच फर्मान काढलं होतं: रोबोशी फक्त इंग्रजीत बोला. आणि घाईघाईत त्याला दिला होता नुसता सुट्या शब्दांचा कोश.

तेवढ्यात बाईच तरातरा आल्या. वरचा परकर आणि बाहेरची तोरणं बघून लालबुंद झाल्या.

"भंगार आहे हे! याची स्मृती आत्ताच्या आत्ता पुसून टाका!"

स्मृती पुसली, की लगबग शाल्मलीला ओळखणारसुद्धा नव्हता. तिचा सगळा राग गर्रकन बाईंकडे वळला.

"पुसायची, की टाकायची?"

"काय?"

"तुम्हीच म्हणालात, 'पुसून टाका'. टाकायची कुठे? कचऱ्यात?"

"आगाऊपणा पुरे! अगं, 'टाका' म्हणजे टाकायचं नसतं काही. साफ पुसा, एवढंच."

"मग त्याने 'अप' म्हणजे वर धरलं, तर तो भंगार कसा? मराठी कोशातही 'टाकणे' म्हणजे फेकणेच लिहिलंय!"



लगबगचे दिवे लुकलुकले. "थांबा, थांबा! हे तर संयुक्त क्रियापद (दोन शब्द मिळून एकच क्रिया). दुसरा शब्द स्वतःचा अर्थ घरी ठेवून येतो आणि पहिल्याला जोर देतो. 'खाऊन टाक' म्हटल्यावर कोणी घास फेकत नाही. तसं 'ड्रेस अप'मध्ये कोणी वर जात नाही, 'डेक आउट'मध्ये कोणी बाहेर जात नाही. मला येत होतं की हे! मराठीत!"

"बघतोस काय मग?" बाई पुटपुटल्या. चक्क मराठीत. "तोरणं आण. परकर खाली काढ. आणि हिला नटवून टाक."

लगबगने शाल्मलीला अलगद उचललं. एकदा छताच्या नळीकडे पाहिलं. मग तिला हळूच खाली ठेवलं.

"नटवतो," तो म्हणाला. "टाकत नाही."